एक्केचाळीस नंबर रिकामा

सोमवार, ३ मार्च २०२५. सकाळी ९ वाजून ४० मिनिटे.

नव्या टेबलावर बसून पेन्सिलींना टोक काढतो आहे. पेन्सिली चार. साहेब दहाला येतात असं खालच्या वॉचमनने सांगितलं, तेव्हा वीस मिनिटं आहेत. ही वही आजपासून सुरू करतो. आधीच्या दोन नोकऱ्यांत काय चुकलं ते मला नंतर आठवेना, म्हणून या वेळी लिहून ठेवणार.

नोकरीचं नाव 'श्रोता'. ताईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे न बोलता बसायचे पैसे? तुझ्यासाठीच काढलेली दिसते."

संध्याकाळी पुढे : काम समजलं ते असं. रेडिओच्या लहरींना हवेत रस्ते आखून दिलेले असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक चॅनेलला मालक असतो. पण कितीतरी चॅनेल दिवसभर ओस पडलेले असतात. आमच्या कंपनीने असा रेडिओ केला आहे की तो आधी कान देतो, रस्ता मोकळा दिसला तर त्यावरून आपलं बोलणं पुढे नेतो, आणि मालक आला की आपण होऊन बाजूला होतो. नदीकाठच्या चाळीस खांबांवर असे चाळीस रेडिओ बसणार आहेत. साहेब म्हणाले, "आपण पाहुणे. मालक आला की उठायचं."

मी विचारलं, रेडिओला स्वतःलाच ऐकू येतं तर माणूस कशाला? साहेबांना प्रश्न आवडला असावा. म्हणाले, "यंत्र एका मिनिटाची सरासरी काढतं. सेकंदभर कुणी बोलून गेलं तर ते सरासरीत बुडतं. आणि थ्रेशोल्डच्या खालचं सगळं त्याला खरखरच वाटतं. माणसाचा कान वेगळा." घरी येऊन शब्दकोश पाहिला. थ्रेशोल्ड म्हणजे उंबरठा.

माझ्याकडे एक्केचाळीस नंबरचा चॅनेल आहे. नऊ ते पाच. दर पंधरा मिनिटांनी नोंदवहीत एक ओळ : वेळ, आणि 'रिकामा' किंवा 'व्यापलेला'.

बुधवार, ५ मार्च

माझी पद्धत बसली. पंधरा मिनिटं पूर्ण होताच हेडफोन काढून डाव्या बाजूला ठेवायचा, पट्टी लावायची, ओळ लिहायची, घड्याळाशी ताडून पाहायची, मग हेडफोन पुन्हा चढवायचा. एका ओळीला चाळीस सेकंद लागतात. नोंदी बरोबर ९:००, ९:१५, ९:३० अशा पडतात. एका मिनिटाचाही फरक नाही.

शेजारच्या टेबलावर एकोणतीस नंबर ऐकायला एक मावशी आहेत. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. हेडफोन एकाच कानावर ठेवतात, दुसऱ्या कानाने माझ्याशी बोलतात, आणि त्याच वेळी लिहीत असतात. त्यांची वही पाहिली. वेळा ९:०३, ९:१९, ९:३२ अशा वाटेल तशा. 'व्यापलेला' हा शब्द तर तीन तऱ्हांनी लिहिला आहे. दुरुस्त करा म्हणवलं नाही. वयाने मोठ्या आहेत.

"काय रे, दर वेळी मुंडासं उतरवल्यासारखा हेडफोन काढतोस?" त्या म्हणाल्या.

"अक्षर चांगलं येतं, मावशी."

"अक्षर बघून लहरी यायच्या नाहीत, बाळा."

रविवार, ९ मार्च

दाजींचा डबा घेऊन पुलावर गेलो. पूल अजून व्हायचा आहे, पण सगळे 'पुलावर' असंच म्हणतात. दाजी तिथे लोखंड बांधणाऱ्या टोळीचे मुकादम आहेत. नदीच्या कोरड्या पात्रात दोन पुरुष खोल खड्डा, त्यात सळयांचा पिंजरा, पिंजऱ्यात माणसं. उतरायला एकच शिडी.

खड्ड्याच्या तोंडाशी सुतारकाका फळ्या ठोकत होते. दाजींपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, कानावर कायम पेन्सिल. मी सांगितलं की माझं काम पेन्सिलीचंच आहे. म्हणाले, "मग आपण एका जातीचे. फक्त मी फळी वाया घालवतो, तू कागद."

टोळीतले सारखे वर नदीकडे पाहत होते; कोरड्या नदीची भीती कसली, म्हणून मी दाजींना विचारलं. ते म्हणाले, "वर वीजघर आहे. त्यांनी यंत्र चालू केलं की पाणी सोडतात. तासाभरात इथे कमरेपर्यंत येतं. पण भोंगा आहे ना." ठेकेदाराच्या पत्र्याच्या खोलीवर एक भोंगा बसवला आहे. वर कुठेतरी खांबाला पाणी मोजायची पेटी आहे, पाणी चढलं की भोंगा वाजतो आणि सगळे वर येतात. मग त्या दिवसाचा अर्धा पगार कापला जातो. "भोंगा वाजला की ठेकेदार रडतो आणि आम्ही जगतो," दाजी म्हणाले. "आता तुमचं सांगा, कानसेन. आठवडाभर काय ऐकलंत?"

"काहीच नाही. सगळं रिकामं."

"वा! काहीच न ऐकण्याचा पगार. आणि मी दिवसभर ठेकेदाराचं ऐकतो, ते फुकटात!"

टोळी हसली. मीही हसलो. बहिणीच्या घरी राहणाऱ्या भावाला लोक काय म्हणतात ते मला माहीत आहे. दाजींनी आजवर एका शब्दाने म्हटलेलं नाही. त्यामुळेच जास्त लागतं.

मंगळवार, १८ मार्च

एक्केचाळीस नंबरचा अहवाल वर गेला. एकूण ओळी चारशे बावीस. चारशे बावीसही 'रिकामा'. साहेबांनी वही उघडून सगळ्यांना दाखवली. "एक खाडाखोड नाही, एक नोंद मागेपुढे नाही. याला म्हणतात श्रोता." मावशींची वही त्यांनी दाखवली नाही. मला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं.

पुढचा चॅनेल मिळेपर्यंत एक्केचाळीसच ऐकत राहायचं.

गुरुवार, २० मार्च

११:१५ ला हेडफोन काढणार, तोच पेन्सिल खाली पडून टोक मोडलं. दुसरी पेन्सिल पिशवीत होती. हेडफोन तसाच डोक्यावर ठेवून वाकलो आणि ऐकू आलं. फार बारीक. आधी एक लांब श्वासासारखा 'हूं', मग टिचक्या. टिक् टिक् टिक्, भराभर, सात. सगळं मिळून दीड सेकंद. मग पुन्हा खरखर.

वाटलं, हेडफोनची वायर असेल. पण ११:३० ला हेडफोन न काढता बसलो. पुन्हा आला. 'हूं', आणि सात टिचक्या. ११:४५. पुन्हा सात.

पंधरा मिनिटांनी एकदा, बरोबर ठोक्यावर. ज्या चाळीस सेकंदांत मी हेडफोन काढून ठेवत होतो, नेमक्या त्याच चाळीस सेकंदांत.

जेवण गेलं नाही. चारशे बावीस ओळी. मधल्या वेळात मी फार लक्ष देऊन ऐकत होतो, हे खरं आहे. पण मधल्या वेळात तो बोलतच नाही. मी पाट्या टाकल्या असत्या, मावशींसारखं ९:०३ ला लिहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी सापडला असता.

दुपारी पुन्हा मोजल्या. २:४५ ला अठरा. ३:०० ला चोवीस. का वाढल्या ते कळत नाही.

दाजी आज साडेचारलाच घरी. पाणी आलं म्हणे. ताईने कॅलेंडरवर 'अर्धा' लिहिलं.

शुक्रवार, २१ मार्च

साहेबांना सांगितलं. त्यांनी स्वतः हेडफोन लावून ऐकलं, पण तेव्हा १०:२० झाले होते आणि काहीच नव्हतं. साडेदहापर्यंत थांबा म्हटलं. त्यांना मीटिंग होती. "असेल कसली तरी फाटक उघडायची रिमोट चावी. उंबरठ्याच्या किती खाली आहे बघ. आणि एवढा महत्त्वाचा असता, तर रेडिओ स्वतःच बाजूला झाला असता. त्यासाठीच तर केलाय."

"पण साहेब, अहवालात मी रिकामा लिहिलं आहे."

"मग रिकामाच. आता नोंद बदललीस तर चारशे बावीस ओळींना काय किंमत राहिली?"

मावशींनी मात्र आपला हेडफोन काढून माझा लावला आणि साडेदहा होईपर्यंत डोळे मिटून बसल्या. मग म्हणाल्या, "कुणीतरी आकडा सांगतंय. माणूस नाही, यंत्र आहे. पण सांगतंय कुणाला, ते शोध."

दिवसभर तक्ता केला. सात, सात, आठ, सात. काही नवीन नाही.

शनिवार, २२ मार्च

११:३० : सात. ११:४५ : एकोणीस. १२:०० : सव्वीस. १२:१५ : सत्तावीस. मग उतरत गेल्या.

हवामानाचं यंत्र असावं असं वाटतं. ऊन चढेल तसा आकडा चढत असेल. पण काल ऊन कमी नव्हतं.

दाजी आजही लवकर आले. "मेव्हणे, आज पोहणं शिकवलं असतं तुम्हाला." ताईने 'अर्धा' लिहिलं आणि म्हणाली, असे अर्धे चालले तर बाळ आल्यावर पाळणा अर्धाच आणावा लागेल. तिला सातवा लागला आहे. दाजी म्हणाले, "पाळणा सुतारकाका करतायत. फुकट. अर्धा करणार नाहीत ते."

सोमवार, २४ मार्च

सकाळी दहाला चाळीसही रेडिओ चालू झाले. टाळ्या वाजल्या. एक्केचाळीस नंबरवर आता आमचंच बोलणं चालतं. हेडफोनमध्ये गिरणीत उभं राहिल्यासारखा आवाज. सव्वादहाला जीव एकवटून ऐकलं. टिचक्या नाहीत. साडेदहाला नाहीत. बंद झाल्या असाव्यात.

खोटं कशाला लिहू, हायसं वाटलं.

बुधवार, २६ मार्च

दाजी गुडघ्यापर्यंत भिजून आले. भोंगा वाजलाच नाही. सुतारकाकांना फळ्यांच्या फटीतून पाणी चमकताना दिसलं, त्यांनी आरडाओरडा केला. आज पाणी थोडं होतं म्हणून निभावलं. ठेकेदाराने भोंग्याचं तपासणीचं बटण दाबून दाखवलं, तर भोंगा ठणठणीत वाजला. "भोंगा चांगलाच आहे, तुम्हीच झोपला होतात," असं म्हणाला आणि अर्धा दिवस कापला तो कापलाच.

ताईने चप्पल उन्हात ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. घाबरली की ती असंच एकच काम दोनदा करते.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी सहा. शर्टाची बटणं लावत कॅलेंडरसमोर उभा होतो. वीस तारखेला 'अर्धा'. बावीसला 'अर्धा'. सव्वीसला 'अर्धा'. माझा तक्ता खिशातच होता. वीस तारखेला चोवीस टिचक्या. बावीसला सत्तावीस. एकवीसला दिवसभर सात-आठ, आणि एकवीसला कॅलेंडर कोरं.

तक्ता कॅलेंडरला लावून एकेक तारीख पुन्हा ताडली. ताईने विचारलं, काय मोजतोस?

ते फाटक नाही आणि हवामानही नाही. वरच्या खांबावरची पेटी दर पंधरा मिनिटांनी भोंग्याला पाणी किती ते सांगते. आणि चोवीस तारखेपासून आमचे चाळीस रेडिओ तिच्या अंगावर ओरडत आहेत, कारण तिथे कुणी नाही असं मी चारशे बावीस वेळा लिहून दिलं.

दाजींना सांगितलं. त्यांनी चहा संपवला. "म्हणजे भोंगा बहिरा झालाय."

"मी केला."

"ते नंतर बघू. आधी सांगा, तुम्हाला बंद करता येईल?"

"मला नाही. साहेबांना येईल."

साहेबांनी या वेळी नीट ऐकून घेतलं. चेहरा उतरला त्यांचा. पण पाहुण्याला उठवायचा हक्क मालकाचा, असा नियम आहे. मालकाने तक्रार केली की वरचे साहेब तासाभरात चॅनेल काढून घेतात. मालकाचं नाव पाहायला यादी उघडली. एक्केचाळीस नंबरसमोर कुणाचंच नाव नाही. ज्याने पेटी बसवली, त्याने ती कधी नोंदवलीच नाही.

"मग तक्रार कोण करणार, साहेब?"

"तेच म्हणतोय मी. कुणीच नाही."

शुक्रवार, २८ मार्च

मावशींनी आपल्या टेबलावरचा फोन दिला आणि स्वतः दाराशी उभ्या राहिल्या.

वीजघर : "पाणी सोडणं आमचं. मोजणं आमचं नाही. ती पेटी पुलाच्या ठेक्यातली." आधी फोन करून सांगाल का, विचारलं. "विजेची मागणी चढली की यंत्र आपोआप सुरू होतं. आम्हालाच नंतर कळतं."

ठेकेदाराचं ऑफिस : "भोंगा आमचा. पेटी भोंगेवाल्याने लावली." भोंगेवाल्याचा नंबर दिला.

भोंगेवाला : हा नंबर अस्तित्वात नाही.

चॅनेल वाटणारं सरकारी ऑफिस : "मालकाचं नाव सांगा." नाव नाही. "मग तुमचा संबंध काय?" मी म्हटलं, मी श्रोता आहे. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "मीही तासभर ऐकतेच आहे."

दाजींनी सुतारकाकांना काठावर पहाऱ्याला बसवलं आहे. नदी जिथे वळते तिथून पाणी दिसलं की खड्ड्यात पोहोचायला त्याला चार-पाच मिनिटं लागतात. सहा माणसं शिडीने वर यायला तीन. ठेकेदाराला कळलं. "बसायचा पगार मी देत नाही. सुतार आहे तर सुतारकी करू दे."

शनिवार, २९ मार्च

सुतारकाका आजही बसले. दाजी म्हणाले, सोमवारपासून नाही जमणार, ठेकेदार टोळीच बदलीन म्हणतो.

मी म्हटलं, मी बसतो. बिनपगारी रजा मिळते.

"तुम्हाला ओरडता येतं का, मेव्हणे? घरात तर मीठ मागायलाही कुजबुजता."

मंगळवार, १ एप्रिल

काल आणि आज वळणावर बसलो. झाडाची सावली साडेदहापर्यंत, मग ऊन. पाणी आलं नाही. दिवसभर एका रेषेकडे पाहत बसलं की ती हलल्यासारखी वाटते. काल दोनदा उगीच ओरडलो. दोन्ही वेळा सगळे वर आले, धापा टाकत. तिसऱ्यांदा येणार नाहीत असं वाटलं. पण सुतारकाका म्हणाले, "ओरड रे. खोटं ओरडलास तर आमचा फक्त दम जातो."

दुपारी साहेबांचा निरोप. वरच्या साहेबांना त्यांनी कसंबसं तयार केलं आहे. उद्या ११:४० ते ११:५० सगळे रेडिओ गप्प ठेवणार. त्या दहा मिनिटांत मी ११:४५ ची टिचकी ऐकवायची. वरचे साहेब फोनवरून स्वतः ऐकणार. पटलं तर एक्केचाळीस नंबर उद्याच बंद.

दाजींना सांगितलं. उद्या दोन तास वळणावर कुणी नसेल. ते म्हणाले, "दोन तास मी एक डोळा बाहेर ठेवतो. जा, आणि काम फत्ते करून या. कायमचं सुटेल."

बुधवार, २ एप्रिल. संध्याकाळी ६. हॉस्पिटलच्या बाकावर.

क्रमाने लिहितो. दुसरं काही करता येत नाही.

११:४० ला रेडिओ गप्प झाले. खोलीत आम्ही तिघं, मी, साहेब, मावशी, आणि फोनवर वरचे साहेब. ११:४५ ला आला. 'हूं', आणि सात टिचक्या. स्वच्छ. साहेब म्हणाले, "अरे, खरंच आहे." वरचे साहेब फोनवर म्हणाले, "ऐकलं. ठीक आहे. श्रोत्याच्या हातची, सहीची दुरुस्ती पाठवा. फॉर्म आला की काढतो."

मी म्हटलं, तोपर्यंत रेडिओ गप्पच ठेवता येतील का? ते म्हणाले, फॉर्मशिवाय नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

११:५० ला रेडिओ पुन्हा सुरू झाले.

फॉर्मला नऊ रकाने. सातवा : 'यापूर्वी चॅनेल रिकामा असल्याची नोंद का झाली, ते सविस्तर लिहा.' मी लिहिलं. वाचलं तर त्यात माझी चूक नीट कळत नव्हती, टाळाटाळ केल्यासारखं वाटत होतं. दोन ओळी खोडल्या. खोडलेला फॉर्म वर पाठवणं बरं दिसेना. दुसरा मागितला.

मावशी म्हणाल्या, "पाठव तसाच. वाचता येतंय."

मी म्हटलं, परत पाठवला तर उद्यावर जाईल.

दुसऱ्या फॉर्मवर तारीख चुकली. तिसरा. १२:५५ ला सही केली. १:१० ला वरून उत्तर आलं, एक्केचाळीस नंबर बंद. साहेबांनी माझा हात हातात घेतला.

१:२० ला ताईचा शेजाऱ्यांच्या फोनवरून फोन आला.

पाणी १२:४० ला आलं. मोठं होतं. दाजी खड्ड्यात होते, खालच्या माणसाला सळई कापायला उशीर होत होता म्हणून तेवढ्यापुरते उतरले होते. पाचजण शिडीने निघाले. पिंजरा कलंडला, त्यात दाजींचा पाय अडकला. सुतारकाका वर, तोंडाशीच होते. ते पहार घेऊन खाली गेले. दाजींचा पाय मोकळा केला. दाजी पिंजऱ्याला धरून वर आले. सुतारकाका सापडले नाहीत.

मी सायकलने ऑफिसातून वळणावर पंचवीस मिनिटांत पोहोचतो.

गुरुवार, ३ एप्रिल

सुतारकाका खालच्या बंधाऱ्याशी सापडले. सकाळी आठ वाजता.

ताई त्यांच्या घरी जाऊन आली. मी बाहेर उभा होतो. अंगणात पाळण्याच्या चार बाजू ठोकून उन्हात ठेवल्या होत्या, तळ अजून बसवायचा होता.

शनिवार, ५ एप्रिल

दाजी आज बोलले. पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला आहे, वाचेल असं डॉक्टर म्हणतात. ताई भात आणायला गेली होती.

"कानसेन, काम झालं का त्या दिवशी?"

"झालं, दाजी. एक्केचाळीस बंद केला."

"किती वाजता?"

खोटं सांगता आलं असतं. "एक दहाला."

त्यांनी चादर मोडलेल्या पायावर ओढून घेतली. मग म्हणाले, "बरं."

तेवढंच. ताई आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते, पण ते झोपले नव्हते. मला ऐकू येत होतं.

मंगळवार, ८ एप्रिल

ऑफिसात गेलो. भोंगा आता वाजतो म्हणे. सोमवारी पाणी आलं तेव्हा चाळीस मिनिटं आधी वाजला. पण खड्ड्यात कुणी नव्हतं, काम बंद आहे.

माझ्या टेबलावर वरच्या साहेबांचं पत्र ठेवलं होतं. कंपनीच्या रेडिओने मालकाची चाहूल लागताच चॅनेल सोडला, आणि त्यात श्रोत्याच्या दक्षतेचा मोठा वाटा आहे, असं त्यात लिहिलं आहे. शिवाय बक्षीस दोन हजार. मी पत्र दोनदा वाचलं. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही.

साहेबांना म्हटलं, हे खरं नाही. मी फॉर्ममध्ये सातव्या रकान्यात सगळं लिहिलं आहे. ते म्हणाले, "सातवा रकाना कुणी वाचत नाही रे." ते रागावले नव्हते. त्यांचे डोळे लाल होते.

नोकरी सोडतो म्हणालो. मावशींनी मला जिन्यात गाठलं. "सोड. पण महिनाअखेरपर्यंत थांब. बहिणीच्या घरात आता मिळवतं कोण आहे?"

थांबतो म्हणालो. येत्या सोमवारपासून मला त्रेचाळीस नंबर दिला आहे.

गुरुवार, १० एप्रिल

ताईने सांगितलं म्हणून आजवरचं मांडून ठेवतो.

झालेला खर्च
गाडी, पुलावरून हॉस्पिटल : ९००
हॉस्पिटल, आठ दिवस : ६,४००
पायातली पट्टी आणि स्क्रू : ११,५००
औषधं : २,१६०
ताईची तपासणी, रक्तदाब वाढला म्हणून : ३५०
एकूण : २१,३१०

आलेले
माझा पगार, रजा वजा जाता : ७,८००
दाजींच्या टोळीने जमवून दिले : ३,०००
बक्षीस : २,०००. घेतलं. स्क्रूच्या पैशांत गेलं.
एकूण : १२,८००

देणं
हॉस्पिटलचं राहिलेलं : ४,५१०
मावशी : ४,०००
सुतारकाका : २८ आणि २९ मार्च, काठावर बसल्याचे दोन दिवस. ठेकेदाराने मांडले नाहीत, दाजींनी मी देईन म्हणून कबूल केलं होतं. ८००. आज मावशींकडून घेतलेल्यातून त्यांच्या घरी नेऊन काकूंना दिले. त्यांनी विचारलं, कशाचे? मी सांगितलं. त्यांनी पैसे मोजले आणि माझ्या हातात परत ठेवले. म्हणून ही रक्कम पुन्हा देण्याच्या बाजूला मांडली आहे.